फॅट वाढवताय? आधी या चुका टाळा

डेअरीच्या पावतीवर गाईच्या दुधाची फॅट ३.५ च्या खाली दिसली की माणूस घरी न जाता थेट औषधाच्या दुकानात जातो. आधी पावडर, मग बाटली. गव्हाणीत काय पडलंय ते बघायला मात्र कुणाला वेळ नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आंबोणात, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकात, तेल ओतणं. मीही केलीय. पहिल्याच वर्षी माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय रोज १६ लिटरला होती. गावातल्या एका जाणत्याने सांगितलं, रोज पाव लिटर सोयाबीन तेल घाल, फॅट चारवर जाईल. सहाव्या दिवशी लागली २.९! मशीन बिघडलंय म्हणून मी डेअरीवर भांडून आलो. घरी येऊन बघतो तर गाय बसलेली, पण तोंड हलत नव्हतं. शेण पातळ, त्यात सरकीची टरफलं तशीच. मोकळं तेल कोठीपोटातल्या (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटातल्या) वैरण पचवणाऱ्या जिवाणूंना मारतं, आणि तिथे तयार होणारी काही आम्लं कासेत फॅट बनणंच रोखतात. बायपास फॅटचं, म्हणजे कोठीपोट ओलांडून पुढे पचणाऱ्या चरबीचं, तसं नाही, ती कोठीपोटात जवळपास विरघळतच नाही.

तेल बंद केलं, पेंड निम्म्यावर आणली, कडबा वाढवला. तरी फॅट जागेवर यायला तीन आठवडे गेले. आठ दिवसांत फरक मागणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. तेव्हापासून माझ्या गोठ्यात आधी कडबा, अर्ध्या तासाने आंबोण. दुपारी बसलेल्या गाई मोजतो. निम्म्यासुद्धा रवंथ करत नसतील तर पावडरीचा डबा उघडत नाही.

एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) ८.५ च्या खाली गेली की मिनरल मिक्श्चर, म्हणजे खनिजांची पावडर, वाढवू नका, आधी सड तपासा. दगडी (कासेची सूज) असेल तर काय घालाल?

तेच गाईचं मिक्श्चर मेंढरांना तर मुळीच नको. त्यातलं तांबं गाईला पचतं, मेंढीच्या यकृतात साठत जातं. मग एक दिवस लाल लघवी होते आणि मेंढी जाते.

बुरशी आलेली पेंड उन्हात वाळवून घालणारे तर धन्यच. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हाने जात नाही, ते दुधात उतरतं आणि उकळल्यावरही राहतं.

कांद्याची पात धार काढल्यावर घाला. आधी घातली तर चहालासुद्धा वास येतो.