ऑस्ट्रेलियात शिक्षक व्हायचंय? आधी बीएड कॉलेज गाठा

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी शिक्षकांची पात्रता 'आयत्सल' (AITSL) ही संस्था तपासते. किमान 4 वर्षांचं उच्चशिक्षण लागतं. पदवीची 3 वर्षं आणि बीएड धरून ते बहुतेकांचं भरतं. गाडी अडते ती सराव पाठांवर. निरीक्षणाखाली किमान 45 दिवस शिकवल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि आपल्या गुणपत्रिकेत दिवस सहसा लिहिलेले नसतात. म्हणून कॉलेजकडून दिवस, शाळा आणि इयत्ता नमूद केलेलं लेटरहेडवरचं पत्र आत्ताच घ्या, जुने प्राध्यापक तिथे आहेत तोवर.

आयईएलटीएस ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनाला 7, बोलण्या-ऐकण्याला चक्क 8 हवेत. भारतातल्या इंग्रजी माध्यमाच्या पदवीने यातून सूट मिळत नाही. शिवाय प्रत्यक्ष शिकवण्यासाठी त्या त्या राज्याची शिक्षक नोंदणी वेगळी करावी लागते.