बालवाडीच्या नोकरीसाठी फाइल: माझा अनुभव

मुलाखतीत माझी फाइल भराभर चाळून मिटली जायची. सगळी प्रमाणपत्रंच, वर्गात मी काय करते ते त्यात दिसतच नव्हतं. मग प्रमाणपत्रं मागे टाकली आणि पुढे मुलांच्या नोंदी लावल्या. चार वर्षांच्या एका मुलीच्या जूनमधल्या रेघोट्या, शेजारी तिनंच फेब्रुवारीत काढलेला हातपायवाला माणूस. खाली तारीख आणि चित्राबद्दल ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत. चिंचोक्यांच्या मोजणीचा फोटो लावला, फक्त हात दिसतील असा. पालकांची लेखी परवानगी होती, तरी नावं झाकलीच. ते फार महत्त्वाचं आहे. 2022च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही लहान मुलांचं मूल्यमापन निरीक्षणातून आणि त्यांच्या कामातूनच सुचवलंय. पुढच्या मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी त्या चित्रांवरच प्रश्न विचारले.