जुनी शिडाची होडी घेताना आधी ट्रेलर पाहावा

ट्रेलरवरून नेता येणारी जुनी शिडाची होडी पाहायला गेलेला माणूस बहुधा थेट होडीत चढतो, केबिनमध्ये डोकावतो आणि तिथेच मनातल्या मनात व्यवहार ठरवून मोकळा होतो. माझे सांगणे असे की, आधी खाली वाकून ट्रेलर पाहावा, कारण होडी घरी सुखरूप पोहोचणे सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असते आणि विकणाऱ्याचे सर्वाधिक दुर्लक्षही त्याच्याकडेच झालेले असते.

टायरवरची नक्षी शाबूत दिसली म्हणून भुलू नये. वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहिलेले टायर न झिजताच कुजतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेतातील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ३२१७ असेल तर २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर मी तरी बदलल्याशिवाय रस्त्यावर आणणार नाही. मग जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवावे आणि वर-खाली हलवून पाहावे. खरखर ऐकू आली किंवा चाक लटलटले, तर बेअरिंग गेले असे समजावे. होडी उतरवताना तापलेला हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते, त्यामुळे होडीच्या ट्रेलरचे बेअरिंग इतर ट्रेलरपेक्षा लवकर गंजते.

वजनाचा हिशेब स्वतः करावा. माहितीपत्रकातले वजन रिकाम्या होडीचे असते. समजा ते ७०० किलो आहे. त्यात मोटर, इंधन, बॅटरी, नांगर, शिडे आणि खुद्द ट्रेलर धरला, तर आकडा सहज ११०० किलोंच्या पुढे जातो. तेवढे ओढण्याची परवानगी आपल्या गाडीला आहे का, हे गाडीच्या कागदपत्रांत पाहावे आणि शंका असल्यास वजनकाट्यावर खात्री करावी. स्थैर्यासाठी पोटात पाणी भरण्याची सोय असलेली होडी असेल, तर ते पाणी निघण्यापूर्वी पूर्ण काढावे.

आता होडीकडे वळू. फायबरग्लासच्या डेकमध्ये पुष्कळदा दोन थरांच्या मध्ये हलके लाकूड असते आणि कठड्याच्या खांबांच्या किंवा डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपून ते सडते. एक नाणे घेऊन त्या भोवतीचा भाग इंचाइंचाने वाजवावा. निरोगी डेक टणटणीत वाजतो, सडलेल्या जागी आवाज बद्द होतो आणि पायाखाली डेक किंचित दबतो. वरच्या रंगातल्या केसासारख्या भेगा सहसा वरवरच्या असतात; मात्र डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे होडीला जोडल्या आहेत, तिथली भेग गंभीर समजावी. त्या तारांवरून कापडाची चिंधी फिरवावी. धागा अडकला, तर तारेचा पेड तुटलेला आहे. शिडाच्या शिवणीचा दोरा नखाने ओढून पाहावा. तो पटकन तुटला, तर उन्हाने शिवण खाल्लेली आहे.

वर-खाली होणारी कील, म्हणजे होडीच्या बुडाखाली पाण्यात उतरणारे जड पाते, ही खरी अडचणीची जागा. होडी ट्रेलरवर बसलेली असताना ती पुरती दिसत नाही, म्हणून होडी पट्ट्यांवर उचलून, कील खाली सोडून तिच्या खिळीची झीज आणि उचलणाऱ्या तारेचा गंज तपासण्याचा आग्रह धरावा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा परत फिरणे बरे. कागदपत्रांत होडी आणि ट्रेलर यांची नोंदणी बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी असते. होडीच्या मागच्या बाजूस कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा.

निघण्याच्या दिवशी डोलकाठी उतरवण्यापूर्वी वर मान करून विजेच्या तारा पाहाव्यात; या कामातला जिवावरचा धोका तोच आहे. सुकाणू काढून केबिनमध्ये ठेवावे आणि डोलकाठी खाली गाद्या देऊन बांधावी. पुढच्या विंचचा (हाताने फिरवायच्या रहाटाचा) पट्टा होडी ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर प्रवास करू नये. मागच्या बाजूला रॅचेटचे स्वतंत्र पट्टे हवेतच. गाडीच्या हुकवर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार यावा. तो कमी पडला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. हुकवरचा भार वाढवायला नांगर आणि बॅटरी पुढे सरकवली, तरी पुष्कळदा काम होते.

पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांनंतर थांबून प्रत्येक हबजवळ हात न्यावा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववेना इतका तापला असेल तर पुढे जाऊ नये. एका प्रवासात मी ही तपासणी ‘पुढच्या पंपावर करू’ म्हणून टाळली आणि तो पंप येण्याआधीच चाकातून धूर निघाला. उरलेला दिवस रस्त्याच्या कडेला गेला. त्याच थांब्यावर पट्टे आणि चाकांचे नटही पुन्हा आवळावेत.

घरी पोहोचल्यावर चाकांखाली ठोकळे लावावेत, पुढचे टोक थोडे उंच ठेवावे आणि पावसाचे पाणी निघून जावे म्हणून बुडाचे बूच काढून ठेवावे. ते बूच मोटरच्या किल्लीलाच बांधावे, म्हणजे पुन्हा होडी पाण्यात सोडताना त्याचा विसर पडणार नाही.