इंटर्न आणि नवे पदवीधर घेताय? या चुका टाळा

जून-जुलै आला की चाकण, सातपूर, वाळूज इथल्या मध्यम कंपन्यांत एकच तक्रार ऐकू येते: "हल्ली पोरं टिकतच नाहीत." निवडीसाठी आपण महिनाभर धावपळ करतो, पण रुजू होणाऱ्या मुलीला पहिल्या सोमवारी कुठे बसवायचं, काय द्यायचं, हे कुणीच ठरवलेलं नसतं. माझ्या मते गळती तिथूनच सुरू होते.

"ऑफर दिली, पण आलाच नाही"

निवड सप्टेंबरात होते आणि रुजू व्हायचं पुढच्या जुलैत. मधल्या काळात कंपनीकडून चकार शब्द नाही. घरचे विचारतात, "नक्की आहे ना रे नोकरी?" आणि पोराकडे दाखवायला एक जुना ईमेल. मग तो दुसरीकडे अर्ज करणारच. महिन्यातून एक फोन करा, तोही ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्याने. जानेवारीत एक दिवस बोलावून प्लांट दाखवा. रुजू होण्याची तारीख पुढे जाणार असेल, तर तुम्हाला कळेल त्याच दिवशी त्यालाही कळवा.

"मुलाखतीत चुणचुणीत, कामात कोरा"

रेझ्युमे आता एआयकडून लिहून घेतले जातात, त्यामुळे सगळे सारखेच गुळगुळीत दिसतात. मग आपण फाडफाड इंग्रजीवर भुलतो आणि मराठी माध्यमातून आलेली हुशार पोरगी ग्रुप डिस्कशनमध्येच बाद होते. त्यापेक्षा अर्धा तास काम द्या. मेकॅनिकलवाल्याला ड्रॉइंग, त्यावरून बनवलेला एक सुटा भाग (जॉब) आणि मापं घ्यायचं व्हर्निअर द्या. कोणतं माप टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालण्याजोग्या फरकाबाहेर आहे ते विचारा. अकाउंट्ससाठी बँक स्टेटमेंट आणि लेजर समोर ठेवून ताळमेळ जुळवायला सांगा. उत्तर कोणत्या भाषेत आलं, हे गौण आहे.

"दिवसभर मोबाईलमध्ये असतो"

कारण त्याला काम नाही. जुन्या फाइल स्कॅन करणं, एक्सेलमध्ये आकडे भरणं, साहेबांच्या मीटिंगला मागे बसणं, यात इंजिनिअरने शिकायचं काय? मला सर्वांत जास्त राग याच चुकीचा येतो, कारण इथे मुलाचे महिने वाया जातात आणि ते त्याला परत मिळत नाहीत.

काम छोटं असू दे, पण त्याचं असू दे. समजा, एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर दुसऱ्या शिफ्टला रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे भाग, जास्त येतंय. इंटर्नच्या हातात रिजेक्शन रजिस्टर द्या. पहिला आठवडा त्याने ऑपरेटरशेजारी उभं राहावं, इन्सर्ट (कापणारं पातं) कधी बदलतात, कूलंट (थंड ठेवणारा द्रव) कधी तपासतात ते टिपावं. पुढच्या आठवड्यात रिजेक्शनच्या कारणांचा पॅरेटो चार्ट, म्हणजे सर्वांत मोठं कारण आधी दाखवणारा आलेख, काढावा. दर शनिवारी लाइन सुपरवायझरने पंधरा मिनिटं देऊन "हे का लिहिलंस?" असं विचारावं. ती पंधरा मिनिटं सुपरवायझरच्या कामात धरा. नाहीतर प्रॉडक्शनच्या रेट्यात पहिला बळी त्या मिनिटांचाच जातो.

कागदपत्रांचा घोळ

इंटर्न आणि अप्रेंटिस एक नव्हेत. अप्रेंटिसला (शिकाऊ उमेदवाराला) १९६१ चा अप्रेंटिस कायदा लागू होतो: सरकारी पोर्टलवर करार नोंदवावा लागतो आणि ठरलेल्या किमान रकमेइतकं स्टायपेंड द्यावंच लागतं. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. नोंदणी न करता कुणाला 'अप्रेंटिस' म्हणून राबवून घेतलंत, तर उद्या पीएफच्या तपासणीत उत्तर देणं अवघड जाईल.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, २०२४ च्या मूळ निर्णयानुसार, पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन सरकारकडून मिळतं. म्हणून फुकटात कारकून मिळाला असं समजू नका. ती प्रशिक्षणाची जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलंही ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी येतील. त्यांच्या कॉलेजला तासांची नोंद लागते, तेव्हा खोटा शिक्का मारून त्यांची बोळवण करू नका.

मूळ गुणपत्रिका तर अजिबात ठेवून घेऊ नका. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं इंटर्नला पहिल्याच दिवशी सांगा.

"कायम करणार का?" या प्रश्नाला टोलवाटोलवी

"बघू, वरून आलं की सांगतो" हे ऐकून चांगली मुलं आधी जातात. मुदत संपायच्या एक महिना आधी हो की नाही ते सांगा. हो असेल तर पगाराचा आकडा लेखी द्या. नाही असेल तर त्याने नेमकं काय काम केलं हे लिहिलेलं पत्र द्या आणि तुम्हाला माल पुरवणाऱ्या ओळखीच्या दोन व्हेंडरना त्याच्यासाठी फोन करा.