थीम पार्कला जायचंय? आधी चौघांचा हिशेब मांडा

सगळ्यात आधी मोजपट्टी काढा. मुलांना अनवाणी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलीने खूण करा. सुट्टी, गाडी, पैसे हे सगळं नंतर. एसटीत पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट असतं, तोच हिशेब डोक्यात धरून थीम पार्कला निघालात तर गेटवर फसगत होईल. इथे बऱ्याच ठिकाणी बालतिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. शिवाय ते अर्धं क्वचितच असतं, पुऱ्या तिकिटापेक्षा थोडंफार कमी एवढंच. वर प्रत्येक राइडची उंचीची अट निराळी. ती यादी पार्कच्या संकेतस्थळावर सापडते. आपल्या पोराचा आकडा हातात घेऊन ती वरपासून खालपर्यंत वाचा आणि त्याला खरोखर चालणाऱ्या राइड मोजा. मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीचा खांब असतो. तिथे टाचा उचलून उभा राहिलेला पोरगा आणि त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून ‘टाचा खाली, बाळा’ म्हणणारा कर्मचारी हे दर सुट्टीतलं दृश्य. मग रडारड, मग समजूत म्हणून दीडशेचं आइस्क्रीम. धाकटं साडेतीन फुटांचंही नसेल तर माझ्या मते सरळ दोन वर्षं थांबावं. त्या वयाला जत्रेतला पाळणाही तेवढाच थरार देतो.

आता पैशांचं. आपल्याकडे थीम पार्क म्हटलं की बहुतेकांच्या मनात इमॅजिका येतं, म्हणून तेच धरू. खोपोली-पाली रस्त्यावरचं हे पार्क २०१३ साली उघडलं, २०१४ मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये स्नो पार्क. आपल्या आईवडिलांनी आपल्याला जेटीवरून बोटीने गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेलं होतं, ते आता बंद आहे, त्यामुळे ती जागा बऱ्याच घरांत इमॅजिकाने घेतली. इथलं तिकीट दिवसागणिक बदलतं, त्यामुळे मी छापील दर सांगत बसत नाही. हिशेबाची रीत सांगते. समजा एका माणसाचं मूळ तिकीट १,२०० रुपये पडलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१६ रुपये. (२०१७ मध्ये हाच कर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो खाली आला.) चौघांचे झाले ५,६६४. त्यातले ८६४ नुसते कराचे. म्हणून ऑनलाइन दिसणारा आकडा करासह आहे की कर शेवटच्या पानावर जोडला जाणार आहे, हे पैसे भरण्याआधी बघायचं. पुढे पुण्याहून किंवा ठाण्याहून स्वतःच्या गाडीने जाऊन येऊन पेट्रोल आणि टोल मिळून १,८०० धरा, आतलं खाणंपिणं २,०००, आणि ‘एवढंच घे ना’ या सदरात ५००. बेरीज गेली दहा हजारांच्या घरात. तिकिटं साडेपाच हजारांची आणि बाकीचं सव्वाचार हजारांचं. लोक घासाघीस करतात ती तिकिटावर, आणि वाचवता येण्यासारखं असतं ते सगळं या दुसऱ्या रकमेत.

महिन्याला साठ-सत्तर हजार घरात येतात आणि गृहकर्जाचा हप्ता चालू आहे अशा घराला हे परवडतं का? वर्षा-दोन वर्षांतून एकदा, सकाळी जाऊन रात्री परत येण्याच्या बोलीवर, परवडतं. पार्कला लागून असलेल्या हॉटेलात मुक्काम जोडला की मात्र प्रकरण वेगळ्या इयत्तेत जातं. एका रात्रीत सगळ्या तिकिटांइतकी रक्कम सहज उडते आणि मुलं त्या खोलीत झोपण्यापलीकडे काही करत नाहीत. मुक्काम हवाच असेल तर खोपोली-कर्जत भागातलं घरगुती राहणं बघा. लोणावळा शनिवार-रविवारी तर अजिबात नको, तिथले दर त्या दोन दिवसांत घाटापेक्षा जास्त चढतात.

ही रक्कम आणायची कुठून, तेही आधी ठरवा. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर सहल नको, हे मी ठासून सांगेन. घसरगुंडीवरून खाली यायला अर्धा मिनिट लागतो, हप्ता नऊ महिने चालतो. महिन्याला हजाराची एक वर्षाची आरडी बँकेत उघडा. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही. भिशीचा नंबर लागणार असेल तर त्यातलं बाजूला काढा. आणि नोकरीत एलटीए, म्हणजे सहलीच्या प्रवासाचा भत्ता, मिळतो म्हणून गाफील राहू नका. त्यात करसवलत असते ती प्रवासभाड्याला, पार्कच्या तिकिटाला नाही. ती सवलतही जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांनाच.

तारीख निवडणं हा या सगळ्या तयारीतला सर्वात मोलाचा भाग आहे, आणि लोक तोच सगळ्यात कमी विचाराने करतात. वीकेंडला दर चढे आणि रांगा लांब, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून रजा काढून मधल्या वारी जातात, तीही डिसेंबरात. तिथे पाहतात तर पिवळ्या टीशर्टातली एक शाळा, निळ्या टोपीतली दुसरी, आणि बसगाड्यांची रांग पार फाटकापर्यंत. आपल्या शाळांच्या सहली नोव्हेंबर ते जानेवारी याच काळात आणि कामाच्याच दिवशी निघतात, हे विसरायचं नाही. पार्कला फोन करून ‘त्या दिवशी शाळांचं बुकिंग आहे का’ असं सरळ विचारा. बहुतेक वेळा सांगतात. मेमध्ये घाटाखालचा उकाडा असा असतो की दुपारी बारा ते चार मुलं राइडपेक्षा सावली शोधतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिकीट स्वस्त सापडू शकतं, पण खोपोलीचा पाऊस पुण्याच्या पावसासारखा रिमझिम नसतो. जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की मोकळ्यावरच्या राइड बंद ठेवतात. पैसे परत मिळतात का, याचा नियम तिकीट काढण्याआधीच वाचून ठेवा. मला विचाराल तर जूनच्या मध्याला शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, पुस्तकांना कव्हरं घालणं चाललेलं असतं, त्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार बघावा. एक दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. मुख्याध्यापकांना हे वाक्य दाखवू नका.

सवलतींची चौकशी तिकिटाच्या पानावर न थांबता करा. बऱ्याच पार्कांत ज्येष्ठांना, कॉलेजच्या ओळखपत्रावर, वाढदिवसाच्या आसपास किंवा ठरावीक संख्येपुढच्या गटाला कमी दर असतो. सोसायटीतली चार-पाच कुटुंबं मिळून गेली तर गटाचा दर मिळू शकतो, पण त्यासाठी आधी पत्र किंवा मेल लागतो. ऐनवेळी गेटवर ‘आम्ही वीस जण आहोत’ म्हणून काही मिळत नाही. रांग टाळणारं महाग तिकीट आडवारी घेऊ नका, गरजच पडत नाही. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात, तिन्ही मिळून पॅकेज स्वस्त वाटतं. पण एका दिवसात तिन्ही उरकायला गेलात तर कशालाच न्याय मिळत नाही. एक निवडा.

आजी-आजोबा सोबत येणार असतील तर त्यांच्याशी आधी मोकळेपणी बोला. आत चालणं भरपूर आहे आणि राइडमध्ये न बसणाऱ्यालाही प्रवेशाचं तिकीट लागतं. रक्तदाब, हृदय, पाठ, मणका यांचा त्रास असणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना मोठ्या राइडमध्ये बसू देत नाहीत. इमॅजिकातल्या नायट्रोसारखी राइड ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते आणि पाच वेळा उलटं करते, तिथे पाटीवरची सूचना गंमत म्हणून लिहिलेली नसते. आजींसाठी थंड हवेतले बसून बघायचे शो आहेत, त्यांच्या वेळा सकाळी आल्याआल्या लिहून घ्या. गुडघे अगदीच साथ देत नसतील तर दुसरी युक्ती आहे. याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर, आणि खोपोलीजवळच महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन देव या टापूत आहेत. आजी-आजोबा दुसऱ्या गाडीने दर्शनाला, मुलं आईबापांबरोबर पार्कात, असं वाटून घेणारी घरं मी पाहिली आहेत आणि दोन्ही बाजू खूश असतात. मात्र सगळ्यांनी मिळून ‘आधी दर्शन, मग पार्क’ हा बेत एकाच दिवसात आखू नका. पार्कातले सकाळचे दोन तास हेच कमी रांगेचे असतात, ते प्रसादाच्या रांगेत जातात.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. गाडी असेल तर फास्टॅगमध्ये आदल्या रात्री पैसे टाका. एक्स्प्रेसवेचा कारचा पूर्ण टोल एप्रिल २०२३ मध्ये २७० वरून ३२० झाला, खोपोलीपर्यंत त्यातला काही भागच लागतो. गाडी नसेल तर ठाणे-डोंबिवलीकरांना खोपोली लोकल आहेच, पण कर्जतच्या पुढे गाड्या विरळ. परतीची वेळ वेळापत्रकात बघून निघा आणि स्टेशनवरून रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

कपड्यांत एक गोष्ट चुकली की सरळ पैसे जातात. वॉटर पार्कात सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, कारण सुताचे धागे निघून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात आणि रंग सुटतो. नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख लागतो. तो तिथे भाड्याने मिळतो, वर अनामत रक्कम. चौघांचं भाडं मोजलंत तर घराजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून मुलांचे दोन पोशाख विकत घेणं त्याच पैशांत बसतं, आणि ते पुढच्या उन्हाळ्यात पोहण्याच्या क्लासलाही चालतात. लॉकर एकच घ्या. चार मोबाइल, चार पाकिटं आत न्यायची गरजच काय? एक मोबाइल, एक कार्ड, थोडी रोकड, बाकी घरी.

खाण्यावर मात्र नीट बसून विचार करा, कारण इथेच सगळ्यात जास्त वाचतं. बाहेरचं खाणं बहुधा आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं यांना सहसा सूट असते, पाण्याच्या बाटलीचं आधी विचारून घ्या. म्हणून डबा गाडीत ठेवायचा आणि गेटवर जाण्याआधी पार्किंगमध्येच पोटभर नाश्ता उरकायचा. पण दिवसभर उन्हात तापणाऱ्या डिकीत काय टिकतं हे घरच्या बाईला विचारून मगच डबा भरा. पोहे, भात, बटाट्याची भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधातल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी, हे टिकतं. सकाळी निम्मं, संध्याकाळी बाहेर पडल्यावर निम्मं. मध्ये आत एकदाच जेवायचं, आणि तेही साडेअकराला किंवा तीनला. दीड वाजता जेवायच्या जागी जेवढी गर्दी असते तेवढी त्याच वेळी राइडवर कमी असते. तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन घेताना त्यात पेय आणि गोड धरलंय का बघा, नाहीतर कूपन घेऊनही पाकीट उघडावं लागतंच.

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि आत शिरल्यावर दाराजवळच्या पहिल्या राइडला भुलू नका. सगळे तिथेच थांबतात. मोठ्या मुलाची सगळ्यात लांब रांगेची राइड सरळ पहिल्या तासात उरका, धाकट्याच्या राइड दुपारी. आईबापांपैकी एकाने धाकट्याला सांभाळायचं आणि एकाने थोरल्याबरोबर बसायचं, मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागते का, हे राइडच्या दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा. काही ठिकाणी सूट देतात. हरवलं तर भेटायची जागा ठरवा आणि धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहा. वॉटर पार्कात तो धुतला जातो, तिथे दर तासाने पुन्हा लिहावा लागेल.

परदेशातल्या पार्काचा विषय निघतोच, कारण शेजारचे सिंगापूरला जाऊन आलेले असतात. त्याचं एवढंच: दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात वेगळी जागा लागते आणि तिचे पैसे बऱ्याचदा मोठ्यांइतकेच. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, त्याची मुदत आधी बघा. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो परत मिळतो, पण बहुधा रिटर्न भरल्यावर. तोवर ते पैसे अडकलेले. तो खर्च दहा हजारांत नाही, लाखांत मोजायचा. तो वेगळा कागद आणि वेगळी आरडी.

संध्याकाळी बाहेर पडायची वाट बहुतेक पार्कांत दुकानातूनच काढलेली असते, त्याआधी राइडवरच्या फोटोंचा काउंटर. म्हणून सकाळीच प्रत्येक मुलाच्या हातात त्याचे दोनशे-अडीचशे द्या आणि सांगा, आज एवढेच, फोटो घे नाहीतर टोपी घे. स्वतःचे पैसे असले की मुलं आश्चर्य वाटावं इतकी काटकसरी होतात. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, ती पिशवी डिकीत नाही, पायाशी, म्हणजे घरी गेल्यावर विसरत नाही. आणि परतीला गाडी कोण चालवणार ते सकाळीच ठरवा. ज्याच्यावर ती पाळी आहे, त्याने दुपारी जेवणानंतर अर्धा तास सावलीत डोळा लावायचा, राइड राहिली तरी चालेल. रात्री घाट चढायचाय.