चेक लिहिण्याची रीत: आधी काउंटर, शेवटी सही

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडदुकानापासून मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सगळे पैसे आता क्यूआर स्कॅन करून दिले जातात. चेकबुक कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत पडून असतं. पण सुताच्या व्यापाऱ्याचं मोठं बिल, गाळ्याची अनामत, सोसायटीचं काम, भाचीच्या लग्नातला आहेर असं काही निघालं की ते बाहेर येतं आणि घरातली तरुण मंडळी पहिल्याच रकान्याशी अडतात. ज्या पिढीने नेहमी चेक लिहिले, तिच्या हाताला एक क्रम पक्का बसला होता: आधी काउंटर, मग चेक, सही सगळ्यात शेवटी. हा क्रम विसरला जाऊ नये असं मनापासून वाटतं, कारण चेकच्या बऱ्याच चुका तो मोडल्यानेच होतात.

काउंटर

चेक फाडून दिल्यावर पुस्तकात मागे राहणारी चिठ्ठी म्हणजे काउंटर. आता अनेक चेकबुकांत ती नसते, सुरुवातीला किंवा शेवटी नोंदीचं एखादं पान असतं. तेही नसेल तर साधी वही करा. चेक नंबर (सहा आकडी, चेकच्या तळाच्या पट्टीत डावीकडे छापलेला), तारीख, कोणाला दिला, कशासाठी आणि रक्कम एवढं लिहा. ‘कशासाठी’मध्ये बिल नंबर घाला. नुसतं ‘सुताचे’ लिहिलं तर सहा महिन्यांनी त्यातून काही कळत नाही.

जुनी माणसं आणखी एक ओळ लिहीत: उरलेली शिल्लक. खरा हिशेब त्या ओळीत असतो. समजा खात्यात ४२,३०० रुपये आहेत आणि १८,७४० चा चेक दिला. काउंटरवर शिल्लक २३,५६०. समोरच्याने चेक भरेपर्यंत पासबुक आणि मोबाइल मात्र ४२,३०० च दाखवत राहतात. तो आकडा पाहून तीस हजारांचा दुसरा चेक दिला की दोनपैकी एक परत येणार. म्हणून चेक वटला की काउंटरवर बरोबरची खूण करून तारीख टाका. महिनाअखेरीला खूण नसलेल्या काउंटरांची बेरीज करा आणि पासबुकातल्या शिल्लकेतून वजा करा. उरेल ती तुमची खरी शिल्लक. यूपीआयने पैसे लगेच कापले जातात, त्यामुळे हे गणित करायची सवयच सुटली आहे. चेक वापरायचा असेल तर ती पुन्हा लावून घ्यावीच लागते.

प्रत्यक्ष चेक

पेन निळ्या किंवा काळ्या पक्क्या शाईचं घ्या. काळी शाई चालत नाही असा मेसेज अधूनमधून फिरतो, तो खोटा आहे. खोडता येणारं जेल पेन मात्र वापरू नका. चेक आता कागद म्हणून एका बँकेतून दुसरीत जात नाही, त्याचं स्कॅन जातं, आणि त्यातलं एक कृष्णधवल असतं. फिकट शाई त्यात दिसेनाशी होते. तळाची पांढरी पट्टी पूर्ण कोरी ठेवा. तिथल्या नऊ आकडी कोडातले पहिले तीन आकडे शहराचे असतात, सोलापूरसाठी ४१३, म्हणजे आपल्या पिनकोडचेच पहिले तीन. त्या पट्टीवर लिहिणं, शिक्का मारणं, घडी घालणं, स्टेपल लावणं टाळा, कारण मशीन तीच वाचतं.

कोणाच्या खात्यातच पैसे जायला हवे असतील तर आधी डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारा आणि मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा. नावाच्या ओळीच्या शेवटी छापलेला ‘किंवा धारकास’ हा मजकूरही खोडा. हे दोन्ही न करता दिलेला चेक ज्याच्या हाती लागेल तो बँकेच्या काउंटरवरून रोख उचलू शकतो.

तारखेसाठी आठ चौकटी असतात: दिवस दोन, महिना दोन, वर्ष चार. लिहिलेल्या तारखेपासून चेक तीन महिने चालतो. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन झाली. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, सवयीने जुनं वर्ष पडतं आणि चेक लिहितानाच वर्षभर शिळा ठरतो. त्या महिन्यात वर्ष दोनदा वाचा. राष्ट्रीय दिनदर्शिकेतली शके तारीखही बँकेला चालते, भिंतीवरच्या पंचांगातली तिथी नव्हे.

नाव लिहिताना सोलापुरात जास्त जपावं लागतं. इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी आहेत आणि एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. दुकानाच्या पाटीवर एक नाव, बिलावर दुसरं, खात्याला तिसरं, असंही आढळतं. म्हणून ‘पासबुकावर नाव कसं आहे?’ हे सरळ विचारा. आहेराच्या चेकमध्ये तर हमखास घोटाळा होतो: नवरीचं खातं अजून माहेरच्या नावाने असतं आणि आपण सासरचं नाव लिहून मोकळे होतो. नाव ओळीच्या सुरुवातीपासून लिहा आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा.

रक्कम

इथे घाई करू नका. आकड्यात १८,७४०/- लिहिताना पहिला आकडा रुपयाच्या चिन्हाला अगदी चिकटून हवा. मध्ये जागा ठेवली तर इंग्रजी आकड्यांतल्या ७,००० चे १७,००० व्हायला एक उभी रेघ पुरते. अक्षरी रक्कमही ओळीच्या डाव्या टोकापासून सुरू करून शेवटी ‘फक्त’ लिहा आणि पुढे रेघ ओढा. नुसतं ‘हजार’ लिहिलं तर मागे ‘वीस’ घालता येतं, म्हणून ‘एक हजार’.

चेक मराठीत लिहिता येतो, रिझर्व्ह बँकेची त्याला पूर्ण मुभा आहे. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही, फक्त मराठीच्या काही खोड्या ठाऊक हव्यात. बोलण्यातलं ‘साडेबारा हजार’, ‘अडीच हजार’, ‘दीड लाख’ चेकवर नको. ‘बारा हजार पाचशे’, ‘दोन हजार पाचशे’, ‘एक लाख पन्नास हजार’ असं मोकळं लिहा. आहेराचे ११०१ ‘अकराशे एक’ न लिहिता ‘एक हजार एकशे एक’ लिहा. एकोणसाठ की एकोणसत्तर, अशी शंका आली तर आधी कागदावर लिहून पाहा. आकड्यांमध्ये मराठी एक इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा. एकाच चेकवर दोन्ही लिप्यांचे आकडे मिसळू नका.

कायद्याप्रमाणे अक्षर आणि आकडा जुळत नसेल तर अक्षरी रक्कम धरली जाते. पण त्या भरवशावर राहू नका, व्यवहारात बँक असा चेक बहुधा परतच पाठवते.

आता सही, बँकेतल्या नमुन्याबरहुकूम. चेकची सवय गेली की सहीही बदलत जाते. दहा वर्षांपूर्वीच्या सहीशी आजची जुळत नसेल तर ओळखपत्र घेऊन शाखेत नवा नमुना देऊन या. मंडळाचा किंवा सोसायटीचा चेक असेल तर ठरावात ठरलेल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि शिक्का सहीवर, रकमेवर किंवा तारखेवर येता कामा नये. कोऱ्या चेकवर आधीच सही करून ठेवू नका, घरातल्या माणसासाठीसुद्धा.

चूक झाली तर खोडून शेजारी सही करायची जुनी पद्धत आता चालत नाही. नाव किंवा रक्कम बदलली की दुसरं पान घ्यावं लागतं. बिघडलेल्या पानावर आडवं ‘रद्द’ लिहा, काउंटरवरही ‘रद्द’ लिहा आणि ते पान पुस्तकातच ठेवा. पीएफसाठी किंवा कर्जासाठी ‘कॅन्सल चेक’ मागतात तेव्हा दोन रेघांमध्ये ‘कॅन्सल’ लिहा, खाते क्रमांक आणि आयएफएससी झाकू नका, आणि सही करू नका.

दिल्यानंतर

रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत ‘पॉझिटिव्ह पे’ची, म्हणजे दिलेल्या चेकची माहिती बँकेला आधीच कळवायची, नोंद करा: चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. ५ लाख आणि त्यापुढे बँक ती सक्तीची करू शकते, आणि नोंद नसेल तर चेक अडतो.

‘आज चेक देतो, उद्या खात्यात भरतो’ हा पेठेतला जुना हिशेब आता सोडा. बाहेरगावचा चेक टपालाने जाऊन वटायला आठवडे लागत, तेव्हा तो जमून जाई. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ठरलेल्या वेळेत भरलेले चेक दिवसभर स्कॅन होऊन पुढे जातात आणि तुमच्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यावं लागतं. चेक दिला त्या क्षणी पैसे खात्यात हवेत.

तुम्ही चेक भरणार असाल तर मागे खाते क्रमांक आणि फोन नंबर लिहा. मोठा चेक पेटीत टाकू नका, बँकेच्या काउंटरवर देऊन स्लिपवर पोच घ्या. शाखा पोच नाकारू शकत नाही.

देण्यापोटी मिळालेला चेक पैसे नसल्याने परत आला तर बँकेचा परतीचा मेमो जपून ठेवा. त्यानंतर तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस असतात, आणि त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली तक्रार करता येते. पार्टी पुण्याची असो वा इचलकरंजीची, तुमचं खातं सोलापूरच्या शाखेत असेल आणि चेक त्या खात्यात भरला असेल तर तक्रार सोलापूरच्या कोर्टातच होते. आहेराच्या किंवा देणगीच्या चेकला हे कलम लागत नाही, कारण तिथे कोणतंही देणं नसतं.