शहरासाठी व्यावसायिक संघ आणि नवे स्टेडियम : मागणी करण्यापूर्वी हिशेब कसा मांडावा

आयपीएलचा हंगाम सुरू झाला किंवा महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या, की महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या शहरात एक मागणी हमखास वर येते : आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियम हवे आणि आपल्या नावाचा संघ हवा. ही मागणी रास्त आहे. आपल्या गावाचे नाव छातीवर लावलेला संघ मैदानात उतरतो तेव्हा होणारा आनंद कोणत्याही जमाखर्चात बसत नाही. परंतु त्या आनंदासाठी सार्वजनिक जमीन, पाणी आणि पैसा लागतो, म्हणून मागणीच्या निवेदनावर सही करण्यापूर्वी नागरिकांनी, क्रीडा कार्यकर्त्यांनी आणि नगरसेवकांनी काही गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात. त्या कशा तपासाव्यात हे पुढे सांगितले आहे. उदाहरण मुख्यतः पुण्याचे घेतले आहे, कारण संघ मिळणे, संघ जाणे, स्टेडियम उभे राहणे आणि त्यावरचे नाव उतरणे हे सारे पुण्याने थोड्याच वर्षांत पाहिले आहे.

संघ जाणार असे धरूनच आखणी करावी

सर्वांत आधी संघ आणि स्टेडियम या दोन गोष्टी मनात वेगळ्या कराव्यात. २०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून पुण्याचा आयपीएल संघ घेतला. २०११ च्या पहिल्या हंगामात पुण्याबाहेरच्या गहुंजेचे मैदान तयार नसल्यामुळे ‘पुणे वॉरियर्स’चे घरचे सामने नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. गहुंजेचे स्टेडियम २०१२ मध्ये खुले झाले आणि २०१३ मध्ये फ्रँचाइझी (म्हणजे संघ चालवण्याचा हक्क) शुल्क व बँक हमीच्या वादातून संघच संपला. थकलेल्या रकमेवरून स्टेडियमवरचे सहाराचे नावही त्याच वर्षी उतरले. पुढे ‘रायझिंग पुणे’ हा संघ आला. मात्र चेन्नई आणि राजस्थान या संघांवरील बंदीच्या काळापुरताच तो होता, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. २०१७ चा अंतिम सामना अवघ्या एका धावेने हरून त्याची गोष्ट संपली. फुटबॉलमध्ये ‘एफसी पुणे सिटी’ २०१४ पासून बालेवाडीत खेळला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

म्हणजे नऊ वर्षांत तीन संघ आले आणि गेले. शहरापाशी उरली ती मैदाने. त्यामुळे प्रकल्प अहवाल हातात आला की पहिला प्रश्न असा विचारावा, की संघ पाचव्या वर्षी निघून गेला तर ही वास्तू सहाव्या वर्षी कोण वापरणार आणि तिचे वीजबिल कोण भरणार. या प्रश्नाचे उत्तर अहवालात नसेल, तर अहवाल अपुरा आहे असे समजावे.

घरच्या सामन्यांच्या संध्याकाळी मोजाव्यात

आयपीएलच्या साखळीत प्रत्येक संघ १४ सामने खेळतो आणि त्यांतले सात घरच्या मैदानावर होतात. चाळीस हजार आसनांच्या वास्तूला वर्षाकाठी एवढ्याच हमखास संध्याकाळी मिळतात. आंतरराष्ट्रीय सामने फिरतीवर येतात आणि ते मिळतीलच असे धरता येत नाही. गहुंजेला २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने मिळाले, पण असा महोत्सव दरवर्षी नसतो. फुटबॉलच्या बारा संघांच्या इंडियन सुपर लीगमध्ये दुहेरी साखळीमुळे घरचे अकरा सामने मिळत होते.

कबड्डीचा हिशेब निराळा आहे आणि महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांनी तो बारकाईने पाहावा असे मला मनापासून वाटते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. गाद्यांचे चौकोन एकमेकांत अडकवून ते बंदिस्त सभागृहात अंथरले जाते आणि स्पर्धा आटोपली की उचलून ठेवले जाते. मग त्याच जमिनीवर बॅडमिंटन, टेबल टेनिस किंवा शाळांच्या स्पर्धा होऊ शकतात. २०२४ च्या प्रो कबड्डी लीगचा शेवटचा टप्पा आणि अंतिम सामना बालेवाडीच्या क्रीडा संकुलातल्या अशाच बंदिस्त सभागृहात झाला. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले आणि तीस वर्षांनीही उपयोगी पडते आहे, कारण ते एका खेळाला किंवा एका मालकाला बांधलेले नाही. ‘पुणेरी पलटण’ हा संघही २०१४ पासून टिकून आहे आणि दहाव्या हंगामाचे विजेतेपद त्याच्याकडे आले. कोल्हापूर, नाशिक किंवा सोलापूर यांनी चाळीस हजारांच्या क्रिकेट स्टेडियमऐवजी चार-पाच हजार आसनांचे, उत्तम वायुवीजन असलेले सभागृह आधी मागावे, हे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात प्रो कबड्डीचे सामने २०२४ च्या हंगामात तीनच शहरांत खेळवले गेले, त्यामुळे संघ आपल्या नावाचा असला तरी तो आपल्याकडे खेळेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

निर्णय कोणाच्या हातात आहे ते ओळखावे

महापालिकेने ठराव केला म्हणून क्रिकेटचा सामना मिळत नाही. सामने क्रिकेट मंडळाकडून राज्य संघटनेला मिळतात, आणि महाराष्ट्रात अशा तीन संघटना आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ठाणे आणि नवी मुंबई पहिल्या संघटनेच्या, नागपूर आणि अमरावती तिसऱ्या संघटनेच्या क्षेत्रात येतात. आपले शहर कोणाच्या क्षेत्रात आहे आणि त्या संघटनेपाशी आधीच एखादे मोठे स्टेडियम आहे का, हे पाहावे; असेल तर दुसऱ्याची शक्यता बरीच कमी होते. फ्रँचाइझी घेणारा उद्योगसमूह मंडळाच्या यादीतून शहर निवडतो. २०२१ च्या लिलावात लखनौचा संघ ७,०९० कोटी रुपयांना आणि अहमदाबादचा ५,६२५ कोटींना गेला, तेव्हा दोन्ही शहरांत मैदाने तयार होती. मात्र तयार मैदानाची मदत होते, हमी मिळत नाही : नागपूरजवळ जामठ्याचे भव्य स्टेडियम २००८ पासून उभे आहे, तरीही नागपूरला स्वतःचा आयपीएल संघ मिळालेला नाही.

जमीन आणि तिकिटे यांचा करार आधी वाचावा

स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. ते मैदान शहराच्या मध्यात होते, लोक चालत जाऊ शकत होते. परंतु जागा महापालिकेची आणि सामना संघटनेचा, यातून तिकिटांच्या वाटपावरून २००५ च्या भारत-श्रीलंका सामन्याच्या वेळी वाद झाला आणि संघटनेने स्वतःच्या मालकीच्या स्टेडियमचा मार्ग धरला. मुंबईतही सत्तरच्या दशकात तिकिटांच्याच वादातून ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले. म्हणून भाडेपट्ट्याच्या मसुद्यात मोफत पासांची संख्या, सर्वसामान्यांसाठीच्या तिकिटांचा वाटा, जाहिरातींचे आणि नामकरणाचे हक्क आणि वर्षातले किती दिवस मैदान शाळा व स्थानिक क्लबांना मिळेल, ही कलमे आकड्यांत लिहिलेली आहेत का ते पाहावे. ‘परस्पर सामंजस्याने’ असे शब्द दिसले तर तिथेच हरकत नोंदवावी.

पाणी आणि परतीचा रस्ता

आयपीएल ऐन उन्हाळ्यात येते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे महिन्यातले जवळपास सर्व सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले आणि पुण्याचा संघ उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळला. २०१८ मध्ये गहुंजेच्या मैदानासाठी पवना नदीचे पाणी वापरण्यासही न्यायालयाने मनाई केली. प्रस्तावात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी आणि पावसाचे पाणी साठवण्याची सोय खर्चासह दाखवलेली नसेल, तर स्टेडियम उभे राहूनही टंचाईच्या वर्षी सामना होणार नाही.

रस्त्याची तपासणी कागदावर करू नये. नियोजित जागेवर रात्री साडेअकरा वाजता प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे. त्या वेळी शेवटची बस कधीच निघून गेलेली असते, रिक्षा थांब्यावर रिक्षा नसते, रस्त्याच्या कडेला पदपथ आहे की नुसती खडी आहे हे मोबाइलच्या उजेडात कळते. तिथून लहान मुलाचा हात धरून आणि म्हाताऱ्या वडिलांना सोबत घेऊन घरी पोहोचायला किती वेळ लागेल ते मोजावे. वानखेडेहून चर्चगेट स्थानक काही मिनिटांवर आहे. गहुंजे द्रुतगती मार्गालगत, मावळ तालुक्यात आहे, त्यामुळे प्रेक्षकांना मुख्यतः स्वतःच्या वाहनांवर अवलंबून राहावे लागते.

पैशांची बाजू

स्टेडियममुळे रोजगार वाढेल आणि हॉटेले भरतील असे प्रत्येक सल्लागार लिहितो. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ मध्येच तिथल्या स्टेडियमांचा अभ्यास करून असा लाभ दिसत नसल्याचे मांडले होते. कारण समजण्यासारखे आहे : सामन्यावर खर्च केलेला पैसा त्याच कुटुंबाने एरवी शहरातच दुसरीकडे खर्च केला असता. त्यामुळे बांधकामापेक्षा देखभालीचा आकडा आधी मागावा आणि पोलिस बंदोबस्ताचे शुल्क कोण देणार हे लिहून घ्यावे. मुंबईतल्या सामन्यांच्या बाबतीत हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

हे सारे विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. विकास आराखड्यातले आरक्षण बदलून स्टेडियमसाठी जागा द्यायची असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात माहिती अधिकाराचे उत्तर येण्याची वाट पाहत बसलात तर मुदत निघून जाते, म्हणून प्रकल्प अहवाल, भाडेपट्ट्याचा मसुदा आणि पाणीपुरवठा विभागाचा अभिप्राय यांच्या प्रती मिळवण्याचा अर्ज स्टेडियमची पहिली घोषणा होते त्याच आठवड्यात करावा.